लॉरीची डावी बाजू

केरू : झाकतो आता इंजिनावरचं टपण. तिसऱ्यांदा खोललं, तिसऱ्यांदा झाकतो. आत काय पण नाय, धाकूदा.

धाकू : नीट बगितलंस काय? सुकाणू डावीकडं ओढतं तिचं.

केरू : सुकाणू होडीला असतं. हिला टेरिंग म्हणतात. आणि टेरिंग एकदम सरळ आहे.

धाकू : माजा बापूस तांडेल होता, मी सुकाणूच म्हणणार. सरळ हाय तर डावा मडगार्ड चेपला कसा ते सांग. परवा कारवांच्या वाडीजवळ दगडी गडग्यावर घासला. त्याच्या आदल्या आठवड्यात माडाच्या बुंध्यावर. आणि त्याच्या आदी खुद्द आमच्या बेड्यावर, माज्याच घराच्या फाटकात. सगळं डावीकडं. गाडी ओढत नाय, तर गडगे काय चालत येतात माज्या अंगावर?

(रत्नागिरी, नाचण्याच्या वाटेवरच्या एका घराचं खळं, म्हणजे पुढचं अंगण. साल एकोणीसशे पस्तीस, आंब्याचे दिवस, सकाळची उन्हं. आंब्याच्या पेट्या वाहणारी जुनी अमेरिकन लॉरी मध्यभागी उभी. तिचा मालक आणि ड्रायव्हर धाकू, वय पन्नाशीच्या आतबाहेर. आणि मुंबईच्या गॅरेजात काम शिकून आलेला केरू मिस्त्री. धाकूची बायको जनी आत चुलीपाशी आहे. ती ऐकत नाही, असा या दोघांचा समज आहे.)

केरू : काल मी स्वतः नेली मिऱ्या बंदरापर्यंत. पेट्या वरपर्यंत भरलेल्या. येताना पाखाडीपाशी ती चिंचोळी जागा आहे ना, तिथून काढली. एक ओरखडा नाय.

धाकू : तुज्या हातात शहाण्यासारखी वागते. मी बसलो की तिचं सुरू.

केरू : गाडीला काय समजतं, कोण बसलाय ते?

धाकू : दहा पावसाळे माज्या हाताखाली चालली. तिला नाय समजणार तर कोणाला? तू मेल्या काल आलास मुंबैहून.

केरू : बरं, समजतं. मग ठरव. दुरुस्त करायची तर पेट्या संपल्या की माझ्याकडं आणून सोड. पावसाळाभर पत्र्याखाली ठेवतो, इंजिन उतरवतो, बिरेक नवे, इस्प्रिंगा नव्या, मडगार्ड ठोकून सरळ. बदलायची तर उद्या कोल्हापुरास नेतोच आहेस, त्या व्यापाऱ्याला दे आणि त्याची नवी घेऊन ये. तो तर तयार आहे म्हणतोस.

धाकू : तयार हाय. उद्याचाच वायदा हाय त्याचा. उद्या नाय गेलो तर ती नवी दुसऱ्याला देईल.

केरू : मग जा.

धाकू : जातो म्हणतो, आणि हिच्याकडं बगितलं की पाय निघत नाय. रत्नागिरीत बैलगाड्यांच्या रांगेत पयली लॉरी मी आणली. भाट्याची माणसं होडीतून खाडी ओलांडून बगायला आली होती. आणि दुरुस्त करतो म्हणतो, तर तूच सांगतोस बिघाड नाय. बिघाड नाय ते दुरुस्त कसं करणार? वाडीत सात जणांना विचारलं, नऊ उत्तरं आली. डोक्याचं पार दही झालंय.

केरू : वैनी काय म्हणतात?

धाकू : तुजी वैनी आठ दिवस माज्याशी सरळ बोलत नाय. विचारलं तर म्हणते, देवाला विचारलंत ना, मंग मला कशाला विचारता.

केरू : देवाला विचारलंस? कौल लावलास?

धाकू : लावला. वेशीवरच्या देवळात. गुरव तापानं पडलाय, म्हणून पाकळ्या मीच भिजवून चिकटवल्या. एक देवाच्या उजव्या अंगाला, एक डाव्या. जनी मागं उभी होती. पयलं गाऱ्हाणं घातलं, बाबा रे, गाडी बदलायची असेल तर उजवी पाकळी पाड. डावी पाडलान. म्हटलं बरं, त्याची इच्छा नाय तर नाय बदलत. मंग पुन्हा पाकळ्या लावल्या. दुरुस्त करायची असेल तर उजवी पाड.

केरू : आणि?

धाकू : पुन्हा डावी.

केरू : म्हणजे बदलू नको.

धाकू : आणि दुरुस्त पण करू नको. आता मी काय करू तिचं? हळदकुंकू लावून माजघरात बसवू?

केरू : देवाचा पण गोंधळ झालेला दिसतो.

धाकू : देवाला बोलू नको. देव गोंधळत नाय. माजंच काय तरी चुकलं असेल, पण काय ते कळत नाय. आता मला कायच कळत नाय बग, केरू. सकाळी उठतो तेव्हा वाटतं बदलावी. न्याहारी झाली की वाटतं ठेवावी.

जनी : न्याहारी आणलीय. केरूभावजी, हात धुवा. ओटीवर बसा दोघं.

केरू : वैनी, तुम्ही तरी सांगा याला. उद्या जायचं का नाय?

जनी : मी काय सांगू? गाडीतलं मला काय कळतं. मला एवढंच कळतं की उद्या गोदा जायचीय जोतिबाला नवस फेडायला, तिची दोन पोरं घेऊन, पेट्यांवर बसून. माजी सख्खी भाची हाय ती. आणि घाटात डावीकडं दरी येते अशी किती वळणं हायत, ते तुमालाच ठावूक.

धाकू : बगितलंस? असं बोलते. सरळ सांगायचं नाय. माजा हात घाटात कधी चुकलाय काय गो?

जनी : बेड्यावर चुकला.

धाकू : तो गाडीचा दोष.

जनी : केरूभावजी म्हणतात दोष नाय.

धाकू : तुजे केरूभावजी काल मुंबैहून आले. जाऊ दे. न्याहारी तरी सुखानं खाऊ दे माणसाला. आणि हे बग केरू, हे पण बग. भाकरी आणि कालवण. चटणी नाय, मीठ नाय, खारातली कैरी नाय. महिनाभर असंच चाललंय. मी कायच बोललो नाय इतके दिवस. म्हटलं राग हाय तिच्या मनात, निघेल. पण पाव्हण्यासमोर तरी वाढावं.

केरू : धाकूदा, चेष्टा करतोस काय?

धाकू : कसली चेष्टा?

केरू : जवळ्याची चटणी आहे ना ताटात. एवढी मूठभर. मीठ आहे, कैरी आहे.

धाकू : तुज्या ताटात असेल.

केरू : तुझ्या ताटात.

धाकू : तू पण तिच्यातलाच झालास.

जनी : महिनाभर मी बगते, केरूभावजी. डाव्या अंगाला जे वाढीन ते तसंच परत येतं. चटणी तशीच, मीठ तसंच. माशाची तुकडी डावीकडं गेली तर ती पण तशीच. मला वाटलं माज्यावरचा राग ताटावर काढतायत. एकदा मी चुलीपाशी बसून रडले सुद्धा. म्हटलं पंचवीस वर्षं झाली, आता माज्या हातची चटणी नकोशी झाली.

धाकू : काय बोलतेस गो? चटणी नकोशी कशाला होईल? वाढलीसच नाय तू.

जनी : थांबा. हात नका लावू. केरूभावजी, बगा हां, मी ताटात काय घालत नाय, काय काढत नाय. फक्त ताट फिरवते. असं. अर्धं.

केरू : फिरवलं.

जनी : आता सांगा. मीठ हाय काय?

केरू : धाकूदा? बोल ना. आहे काय?

धाकू : हाय.

जनी : चटणी?

धाकू : हाय. पण आता कालवण कुठं गेलं?

केरू : वैनी, बसा. तुम्ही खाली बसा आधी. धाकूदा, माझ्याकडं बघ. नाकासमोर. हा पाना दिसतो?

धाकू : दिसतो. अर्ध्या इंचाचा.

केरू : मान हलवू नको. आता मी पाना तुझ्या उजवीकडून डावीकडं नेतो. दिसतो?

धाकू : दिसतो. दिसतो. दिसतो. कुठं ठेवलास?

केरू : हातातच आहे.

धाकू : नाय.

केरू : नाकाच्या जरा पलीकडं नेला, बस. आता डावा डोळा झाक. पुन्हा. दिसतो?

धाकू : दिसतो. गेला.

केरू : तिथंच गेला. आता उजवा झाक. डाव्यानं बघ.

धाकू : दिसतो. गेला. तिथंच गेला रे.

केरू : हे काय माझ्या डोक्यात बसत नाय. एक दिवा फुटला तर दुसरा लागतो. तुझा एक डोळा गेला असता तर दुसऱ्यानं दिसलं असतं. इथं दोन्ही दिवे पेटलेत आणि दोन्हींचा उजेड उजवीकडंच. तिकडं काळोख दिसतो काय तुला?

धाकू : काळोख नाय.

केरू : धुकं?

धाकू : धुकं पण नाय. कायच नाय. म्हंजे असं वाटतच नाय की तिकडं काय तरी असेल. तुज्या पाठीमागं काय हाय ते तुला काळं दिसतं काय? तसं. अरे, पण हे मला कळलं कसं नाय? अर्धं जग गेलं आणि माज्याच डोळ्यांनी मला सांगितलंन नाय?

जनी : शिमग्यात.

धाकू : काय शिमग्यात?

जनी : होळीचं झाड खांद्यावर घेऊन येत होतात सगळे. तुमी मधल्या वाटेवर खाली बसलात. चक्कर आली, डोकं धरलंत. पोरं हसली, म्हणाली काका दिवसाच टाकून आले. दोन दिवस डोकं दुखत होतं तुमचं. मी सुंठ उगाळून लावली. मंग बरं वाटलं आणि आमी विसरलो.

केरू : आणि बेड्यावर गाडी घासली ती कधी?

जनी : शिमगा झाल्यावर. त्याच्या आदी दहा वर्षांत एकदा नाय.

धाकू : म्हंजे गाडी ओढत नव्हती.

केरू : नाय.

धाकू : गडगा तिथंच होता.

केरू : तिथंच होता, धाकूदा.

धाकू : मी तिला लाथ मारली परवा. चाकाला. म्हातारी झालीस म्हणून.

जनी : मला पण एक सांगायचंय. आठ दिवस गिळून बसलेय.

धाकू : आता आणखी काय?

जनी : कौल. देवळात मी मागं उभी होते. देव आपल्याकडं तोंड करून बसलाय. त्याचा उजवा हात म्हंजे आपण समोर उभं राहिलं की आपल्या डावीकडं येतो.

धाकू : ते मला कशाला सांगतेस? लहानपणापासून कौल बगतोय मी.

जनी : पयल्या गाऱ्हाण्याला देवाची डावी पाकळी पडली. खरंच पडली, मी बगितली. गाडी बदलू नको म्हणाला. पण दुसऱ्याला, दुरुस्त करू काय विचारलंत तेव्हा, पयली देवाची उजवी पडली. सरळ खाली आली. तुमी कायच बोलला नाय, बगत राहिलात. मंग पुष्कळ वेळानं डावी सुकून पडली, आणि तुमी म्हणालात, पुन्हा डावाच दिलान.

धाकू : मला उजवी दिसलीच नाय.

जनी : ते आता कळलं. तेव्हा वाटलं, तुमी देवासमोर खोटं बोललात. गाडीला हात लावायचा नाय तुमच्या मनात, म्हणून देवाचा कौल फिरवलात. असल्या माणसाशी मी पंचवीस वर्षं संसार केला काय, असं झालं मला. तुमच्यासाठी सोमवार धरला. देवाला म्हटलं, त्यांना क्षमा कर.

धाकू : आणि मला नाय विचारलंस?

जनी : काय विचारू? खोटं बोललात काय, असं विचारू? आणि तुमी व्हय म्हणाला असता तर?

केरू : वैनी, तुम्ही त्याच्यावर रागावलात, तो तुमच्यावर. गाडीवर पण तोच. आणि गाडी बिचारी उभी.

धाकू : थांब, केरू. माजा घोळ अजून सुटला नाय. देव म्हणाला बदलू नको. बरं. देव म्हणाला दुरुस्त कर. तू म्हणतोस गाडीत बिघाड नाय. मंग देवानं दुरुस्त कर म्हणून सांगितलान ते कशाला?

केरू : मी मिस्त्री आहे. मला गाडीचं विचार.

धाकू : गाडीचंच विचारतोय.

जनी : अवो, कळतंय तुमाला. उगीच विचारत बसू नका.

धाकू : कळतंय. पण कळलं म्हणून मनात शिरत नाय. अगो, मी डायवर हाय. नाचण्याला माजा पत्ता सांगताना लोक लॉरीवाला धाकू म्हणतात. लॉरी गेली असती तर दुसरी आणली असती. डोळे कुठल्या कोल्हापूरवाल्याला देऊन नवे आणू?

केरू : सरकारी दवाखान्यात दाखवू. तिथला डॉक्टर सांगेल काय ते.

धाकू : बरं होईल काय?

केरू : ते मला ठावूक नाय. खोटं कशाला सांगू.

धाकू : आणि उद्याचं? पेट्या तयार हायत. गोदा पोरांना नवे कपडे शिवून बसलीय.

जनी : उद्या गाडी घाट चढणार नाय. गोदाला मी सांगते. रागावली तर रागावू दे.

धाकू : कोल्हापूरवाल्याचा वायदा?

जनी : त्याला निरोप धाडा. म्हणावं, आमची लॉरी चांगली हाय, बदलायची नाय.

धाकू : आणि चालवणार कोण तिला?

केरू : पेट्या बंदरावर मी पोचवतो हे आठ दिवस. पुढचं पुढं बघू. कोणी तरी शिकेल. तू शेजारी बसून शिकव.

धाकू : शेजारी बसून.

केरू : वाईट वाटून घेऊ नको.

धाकू : वाटतं रे. वाईट वाटतं ते वाटतं, त्याला काय करू? गडग्यापाशी माणूस उभा असता तर? मघापासून तेच येतंय डोक्यात. कारवांच्या वाडीत दुपारी पोरं त्या गडग्यावर बसून कैऱ्या खातात. त्या दिवशी नव्हती. फक्त म्हणून वाचली, आणखी कायच कारण नाय. मी तर त्यांना बगितलंच नसतं.

जनी : नव्हती ना? मंग उठा. चटणी खा वाईच आणि उठा. आताच जाऊ दवाखान्यात.

धाकू : खातो. ताट असंच राहू दे, फिरवलेलं. चटणी चांगली झालीय गो.

जनी : तशीच केलीय रोज.

केरू : चला. मी हँडल मारतो.

धाकू : हँडल मी मारणार. त्याला डोळे लागत नाय.

केरू : मार. सांभाळून, उलटा झटका देते कधी कधी.

धाकू : मला सांगतोस? बग. एका फेऱ्यात. ऐक कशी बोलते. दहा पावसाळे झाले, आणि म्हातारी म्हणे.

जनी : अवो, तिकडून नाय. त्या दारानं केरूभावजी बसणार.

धाकू : पाय आपले वळले. बरं, इकडून चढतो.

केरू : धाकूदा, तू मध्ये सरक. वैनी दाराकडं बसतील.

धाकू : सरकलो. जनी चढली काय?

जनी : चढले.

धाकू : कुठं हायस?

जनी : ही काय. तुमच्या डावीकडं. नेहमी बसते तिथंच.

धाकू : शिमग्यापासून मला वाटायचं, गाडीत मी एकटाच बसतो. तू सोबत आलीस तरी. म्हटलं वय झालं, बोलणं कमी झालं, दुसरं काय.

जनी : मी बोलायचे. तुमी समोर बगत राहायचात. मंग मी पण गप्प बसायला लागले.

केरू : बेड्यातून काढतो हां. डावीकडं जागा आहे, वैनी?

जनी : हाय. हातभर हाय. या सरळ.

धाकू : अजून दिसत नायस.

जनी : मान वळवा. वळवा पुरती. अजून वाईच.

धाकू : हां. दिसलीस. केरू, रस्ता तू बग.